मोठी गाडी निवडावी ती मागच्या रांगेतून

सात आसनांची एसयूव्ही पाहायला शोरूममध्ये आलेले कुटुंब बहुधा एकाच क्रमाने गाडी पाहते. घरातील कर्ता माणूस चालकाच्या जागी बसतो, स्टीअरिंग हाताळतो, पडद्यावरची बटणे दाबून पाहतो. पत्नी शेजारच्या आसनावर, मुले मधल्या रांगेत. आजी-आजोबा मात्र बाहेर खुर्चीत चहा घेत थांबलेले असतात. तिसऱ्या रांगेत शिरून पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. वास्तविक जास्तीचे काही लाख रुपये मोजले जात असतात ते याच रांगेसाठी. चार-पाच माणसांचे काम लहान गाडीतही भागते. गणपतीला गावी जाताना निघणाऱ्या सहाव्या आणि सातव्या माणसाचा प्रश्न असतो. कशेडी-परशुरामचा रस्ता ओलांडेपर्यंत गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या त्या सातव्या माणसाला कोणी विचारले असते, तर कदाचित गाडीच वेगळी निवडली गेली असती.

अमेरिकेत ‘पूर्ण आकाराची’ म्हणून ओळखली जाणारी शेवरोले सबर्बनसारखी गाडी साडेपाच मीटरहून लांब असते. भारतीय शहरांत ती वळवायची कोठे, हाच प्रश्न पडेल. आपल्याकडे मोठी कौटुंबिक गाडी म्हणजे साधारणतः ४.६ ते ४.८ मीटर लांबीची, तीन रांगांची. पिंपरीच्या टाटा मोटर्सची सफारी १९९८ मध्ये आणि महिंद्राची नाशिकमध्ये तयार झालेली स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला या प्रकारच्या गाड्यांचे आकर्षण वाटू लागले. टोयोटाने २००५ मध्ये क्वालिसच्या जागी इनोव्हा आणली आणि २००९ मध्ये फॉर्च्युनर. इनोव्हाला तांत्रिकदृष्ट्या एसयूव्ही म्हणता येत नाही; पण कुटुंबासाठी मोठी गाडी शोधणाऱ्याने तिला यादीतून वगळणे शहाणपणाचे नाही.

कारण बाहेरून दिसणारा आकार आणि आतली जागा यांचा संबंध वाटतो तेवढा सरळ नसतो. फॉर्च्युनरची लांबी ४७९५ मिलिमीटर, तर इनोव्हा हायक्रॉसची ४७५५. म्हणजे फॉर्च्युनर चार सेंटीमीटरने मोठी. मात्र पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर पाहिले, तर फॉर्च्युनरचे २७४५ मिलिमीटर आणि हायक्रॉसचे २८५० भरते. प्रवाशांच्या पायांना मिळणारी जागा प्रामुख्याने याच अंतरातून निघते. दुसरी बाब गाडीच्या बांधणीची. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एन यांची बॉडी ट्रकप्रमाणे शिडीसारख्या पोलादी चासीवर बसवलेली असते. ही रचना खराब रस्त्यावर टिकाऊ ठरते. पण चासीमुळे आतला तळ उंच होतो आणि तिसऱ्या रांगेतील प्रवाशाला पाटावर बसल्यासारखे गुडघे वर घेऊन बसावे लागते. हायक्रॉस, एक्सयूव्ही ७०० किंवा २०२१ मध्ये नव्याने आलेली सफारी यांची बॉडी आणि सांगाडा एकसंध असतो. तळ खाली येतो, रस्त्यावर गाडी कमी डोलते, वयस्कर माणसाला चढणे-उतरणेही तुलनेने सोपे जाते. खडकाळ वाटेने, ओढ्यातून नियमित जाणे-येणे असेल त्याने चासीवाली गाडी जरूर घ्यावी. पुणे-मुंबई आणि वर्षातून दोनदा गाव, एवढाच प्रवास असणाऱ्याने तिच्या दणकटपणासाठी पैसे का मोजावेत, हे स्वतःला विचारलेले बरे.

यानंतर सामानाचा विचार. सातही आसने भरली, की बहुतेक गाड्यांच्या डिकीत दोन-तीन मध्यम बॅगा मावतात. उरलेले सामान टपावरच्या कॅरिअरवर जाते. सात जणांचे सरासरी वजन ६५ किलो धरले, तरी ४५५ किलो होतात. गाडीचे कमाल अनुमत वजन आणि रिकामे वजन यांतील फरक हीच तिची खरी क्षमता. ती बहुतेक माणसांतच संपून जाते. त्यावर तांदळाची पोती, नारळ आणि बॅगा टपावर चढवल्या, की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि घाटातील वळणावर ती अधिक कलते. टपावर किती किलो चालतील, हे गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पूर्ण भार असताना टायरमध्ये हवा किती ठेवावी, याचे कोष्टक बहुधा चालकाच्या दारालगतच्या खांबावर चिकटवलेले असते. ते किती मालकांनी वाचले असेल, हा भाग वेगळा.

सुरक्षिततेच्या बाबतीत ‘पाच स्टार’ हे शब्द आता जाहिरातींतून घराघरांत पोहोचले आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी चाचणीपद्धती अमलात आली आणि सफारी व हॅरिअर या गाड्यांना तिचे पहिले पाच स्टार मिळाले. ही माहिती उपयुक्त आहे. फक्त तिची मर्यादा ध्यानात ठेवावी. समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत प्रौढांचे पुतळे पुढच्या आसनांवर आणि मुलांचे पुतळे मधल्या रांगेत बसवलेले असतात. तिसऱ्या रांगेत कोणीही नसते. म्हणून तेथे बसणाऱ्यांसाठी ग्राहकाने स्वतः पाहावे: दोन्ही आसनांना खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे का, डोके टेकण्याचा आधार पुरेसा वर येतो का, खिडकीवरून उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचते का, आणि मागच्या काचेपासून डोके किती अंतरावर राहते. मुलांचे सुरक्षा आसन अडकवण्याची सोय बहुधा मधल्या रांगेतच असते. त्यामुळे लहान मूल मध्ये आणि धडधाकट माणसे मागे, अशी व्यवस्था आधीच ठरवावी लागते. मागे बसणाऱ्यांना पट्टा लागत नाही, हा समज ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला झालेल्या अपघाताने खोटा ठरवला. मोटार महागडी होती. मागच्या आसनांवरील दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेही दगावले.

येथेच नवी की वापरलेली, हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. १५ लाखांत नवी, पण छोटी गाडी घ्यावी, की त्याच पैशांत सहा-सात वर्षे वापरलेली मोठी? मनाचा कल मोठ्या गाडीकडे जातो. ‘पत्रा जाड आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. परंतु पत्र्याच्या जाडीवर सुरक्षितता ठरत नाही. एअरबॅग नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओला २०१६ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही स्टार मिळाला नव्हता; २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. नाव एकच, गाड्या पूर्णपणे निराळ्या. जुन्या स्कॉर्पिओच्या काही आवृत्त्यांत मागची आसने एकमेकांसमोर आडवी असत. अशा आडव्या आसनांवर मुलांना बसवून महामार्गावर जाणे म्हणजे धोका ओढवून घेणे होय.

म्हणून वापरलेली गाडी घेताना मॉडेलइतकाच उत्पादनाचा महिना महत्त्वाचा. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस ब्रेक, जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना बंधनकारक झाली. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि एप्रिल २०२३ पासून बनलेल्या पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला अनुरूप आहेत. या तारखांच्या अलीकडची गाडी आणि पलीकडची गाडी यांत दोन-तीन महिन्यांचेच अंतर असले, तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने ते मोठे आहे.

किमतीचे गणितही बदलले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के कर पडत असे; त्या दिवसापासून उपकर जाऊन तो ४० टक्के झाला. ‘मी २५ लाखांना घेतली होती’ असे सांगून किंमत ठरवू पाहणाऱ्या विक्रेत्याला आजच्या नव्या गाडीचा भाव दाखवणे त्यामुळे अगत्याचे ठरते. दुसरीकडे, महाराष्ट्रात २० लाखांवरील डिझेल मोटारीला एकरकमी पथकर १५ टक्के, तर पेट्रोल मोटारीला १३ टक्के आहे. म्हणजे २५ लाखांच्या डिझेल गाडीवर पावणेचार लाख रुपये नोंदणीपूर्वीच जातात. वापरलेल्या गाडीत हा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो. विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीचे मूल्य ४० टक्क्यांनी घटलेले धरतात. प्रत्यक्ष बाजारात मात्र इनोव्हा आणि फॉर्च्युनर यांचे भाव इतक्या वेगाने उतरत नाहीत. साहजिकच या दोन गाड्या दोन वर्षे वापरलेल्या घेण्यात बचत थोडी आणि जोखीम पूर्ण. ज्यांचे भाव लवकर पडतात, अशा गाड्यांत तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची गाडी शोधणे जास्त किफायतशीर. मोठी आलिशान गाडी अगदीच स्वस्तात मिळत असेल, तर तिची कंपनी अद्याप भारतात गाड्या विकते का, हे आधी पाहावे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस येथील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. एन्डेव्हर गाडी म्हणून उत्तमच होती. पण एखाद्या सुट्या भागासाठी थांबून राहण्याची तयारी हवी.

डिझेलच्या बाबतीत एक गोष्ट शोरूममध्ये सहसा सांगितली जात नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी ही जाळी काही वेळ खूप तापावी लागते आणि त्यासाठी गाडी सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज शाळा, मंडई, कार्यालय एवढीच चार-पाच किलोमीटरची फेरी असेल, तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. महिन्यातून दोन-तीनदा महामार्गावर जाणे होत नसेल, त्याने पेट्रोल वा हायब्रिड घ्यावी.

प्रत्यक्ष पाहणीत महाराष्ट्रातील ग्राहकाने पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ मधील सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मधील चिपळूण आणि महाड: दर वेळी पाण्यात बुडालेल्या असंख्य गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकण्याजोग्या केल्या जातात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला, की आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसू शकते. आसनाखालील रुळांत गंज, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, जुन्या गाडीत कोरे करकरीत गालिचे आणि त्यावर भरपूर सुगंधी फवारा, ही सारी शंकेची कारणे. टायरवरील शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मीटर ४० हजार किलोमीटर दाखवत असेल आणि टायरचा दुसरा संच संपत आलेला असेल, तर हिशेब जुळत नाही. इनोव्हा घेताना ती पूर्वी पिवळ्या पाटीची पर्यटक टॅक्सी होती का, हे नोंदणीच्या इतिहासावरून तपासावे.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्या हा एक स्वतंत्र बाजार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशामुळे राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सवलत दिली. महाराष्ट्रात असा निर्बंध नसल्याने या गाड्या इकडे येतात. मात्र मूळ आरटीओची एनओसी, येथे नव्याने पथकर आणि बारा महिन्यांच्या आत नवा क्रमांक एवढे सोपस्कार धरले, की स्वस्ताई बरीच ओसरते.

घरी आणण्यापूर्वी वाहनतळाची रुंदी टेपने मोजावी. सफारी १९२२ मिलिमीटर रुंद आहे. अडीच मीटरच्या जागेत ती नेमकी मधोमध उभी केली, तरी दोन्ही बाजूंना तीस सेंटीमीटरही उरत नाहीत. यांत्रिक पार्किंग असलेल्या इमारतीत उंची व वजनाची मर्यादा सोसायटीकडून लेखी घ्यावी.

व्यवहार ठरला, की परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर बँकेचा बोजा उतरला आहे का आणि ई-चलनाचा दंड थकला आहे का, ते पाहता येते. बोजा असल्यास बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा नावावर करून घेण्याची मुदतही १४ दिवसांचीच आहे. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. हस्तांतरण एजंटावर सोपवून निश्चिंत होणाऱ्या विक्रेत्यांसाठीही एक सूचना: अपघाताच्या भरपाईचा प्रश्न आल्यास कागदोपत्री ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. किल्ली देऊन झाली, तरी आरसीवर नवे नाव येईपर्यंत जुन्या मालकाने एजंटामागचा तगादा सोडू नये.