तरत्या गाडीचें व नावेचें तळाचें बूच

सायखेड्याच्या वाचकांस गोदावरीच्या पुराविषयीं नवीन सांगावें असें कांहीं नाहीं. वरून गंगापूर व दारणा या धरणांतून सुटलेलें पाणी आणि खालीं नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, यांमध्यें सायखेडा व पैलतीरचें चांदोरी हीं गांवें सांपडतात. २०१६ व २०१९ या दोन्ही सालीं ऑगस्ट महिन्यांत पुराचें पाणी गांवांत शिरलें. अशा समयीं मळ्यांत अडकलेल्या माणसांस बाहेर काढण्यास नावेवांचून दुसरा उपाय राहत नाहीं.

अलीकडे नावेच्या जोडीस जमिनीवर चालणाऱ्या व पाण्यांत तरणाऱ्या गाड्याही आल्या आहेत. ही कल्पना जुनीच आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत ‘डक’ नांवाचा तरता मालट्रक निघाला व दुसऱ्या महायुद्धांत असे एकवीस हजारांहून अधिक ट्रक तयार झाले. आपल्या सैन्यानेंही २०२५ सालच्या पंजाबांतील पुरांत ‘आटोर’ नांवाच्या मोठ्या चाकांच्या गाड्या वापरल्या. ज्यांच्या मनांत अशी गाडी घेण्याचा विचार आहे त्यांस, व ज्यांच्या गांवीं साधी नाव आहे त्यांसही, आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ती म्हणजे तळाच्या बुचाची निगा.

तरत्या गाडीचा सांगाडा हें एक मोठें टोपलें असतें. चाकांचे आंस त्याच्या भिंतींतून बाहेर येतात व तेथें रबरी सील बसविलेलें असतें. तरीही थोडें पाणी झिरपतें व चिखलही आंत येतो. तो काढून टाकण्यासाठीं सखल जागीं भोंक ठेवून त्यास बूच बसवितात. फायबरच्या नावेसही मागील फळीच्या तळाशीं बहुधा असेंच बूच असतें. हौदाची गुडदी ज्यास ठाऊक आहे त्यास यांत नवल वाटणार नाहीं. मात्र हौदाची गुडदी निघाली तर पाणी वायां जातें; येथें माणसांच्या जिवाशीं गांठ असते.

एक इंच व्यासाचें भोंक पाण्याच्या पातळीखालीं एक फूट असेल, तर हिशेबानें मिनिटास सुमारें ४० लिटर पाणी आंत येतें. दहा मिनिटांत ४०० लिटर, म्हणजे पांचसहा माणसांचें ओझें वाढलें. शिवाय आंतलें पाणी एका अंगास धांवून गाडी कलंडण्याचें भय असतें. १९९९ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत ‘मिस मॅजेस्टिक’ नांवाचा जुना ‘डक’ सरोवरांत उतरल्यावर कांहीं मिनिटांतच बुडाला व २१ पैकीं १३ माणसें दगावलीं. तेथें बूच नव्हे, तर आंसाभोंवतीचें रबरी आवरण सैल राहिलें होतें. परंतु धडा तोच आहे.

दुरुस्ती अवघड नाहीं. रबरी कडें चपटलें किंवा त्यास चिरा पडल्या असतील तर तें बदलावें. सुतळी गुंडाळून काम भागवूं नये. खनिज तेलाच्या वंगणानें कांहीं जातींचें रबर फुगतें, म्हणून सिलिकॉनचें वंगण लावावें. बूच प्रथम हातानें फिरवावें, म्हणजे आटे तिरपे बसत नाहींत. भोंकाचेच आटे झिजले असतील तर तेथें कडेची नवी बैठक रबरी गादीवर बोल्टांनीं आंवळावी. सांगाडा अॅल्युमिनियमचा असल्यास पितळेची बैठक घालूं नये. दोन धातूंमध्यें पाणी राहिलें कीं अॅल्युमिनियम खाल्लें जातें. सांगाडा पॉलिथिलीनचा असल्यास त्यावर सामान्य एपॉक्सी टिकत नाहीं. चिरेच्या टोंकास बारीक भोंक पाडून चीर थांबवावी व त्याच जातीच्या प्लॅस्टिकचें वेल्डिंग करवावें.

परीक्षाही सोपी आहे. गाडी किंवा नाव कोरड्या जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवावी, बूच लावावें, आंत चार घागरी पाणी ओतावें व अर्ध्या तासानें खालून हात फिरवावा. ओल लागली तर काम अपुरें आहे. आंसाच्या सीलांची परीक्षा मात्र उथळ, संथ पाण्यांतच करावी.

आम्हीं पाहिलें आहे कीं बूच हरवतें तें बहुधा काम संपल्यावर, धुण्याच्या वेळीं. म्हणून तें सांखळीनें बांधून ठेवावें, एक जादा बूच चालकाच्या जागेपाशीं असावें, आणि मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी व मोगरी नेहमीं आंत असावी. पाण्यांत उतरण्यापूर्वीं बूच पाहण्याचें काम नांव घेऊन एका माणसावर सोंपवावें. सर्वांवर सोंपविलेलें काम कोणाचेंच होत नाहीं. मृगापूर्वीं ज्याप्रमाणें आपण पाभर व औत दुरुस्त करून ठेवतों, त्याप्रमाणें गोदाकांठच्या शेतकरी बंधूंनीं याही कामास एक सकाळ द्यावी, अशी आमची विनंती आहे.