ज्वारीच्या दाण्याआड चंद्र

२२ जुलै २००९. आषाढ अमावास्या, घरोघर दिवे पुजायचा दिवस. आणि नेमका त्याच दिवशी, उगवून अर्धा तास व्हायच्या आत, सूर्यच विझला! चंद्राची सावली खंभातच्या आखातावरून सुरतेत शिरली आणि इंदूर-भोपाळकडे धावत सुटली. वाटेत नंदुरबारही तिच्या पट्ट्यात सापडलं. आषाढातले ढग सूर्य लपवतात, पण ग्रहणाचा काळोख त्यांनाही अडवता येत नाही.

एवढा मोठा सूर्य एवढ्याशा चंद्राने झाकलाच कसा? सातपुड्यातल्या आश्रमशाळेत हे शिकवायला ज्वारीचा एक दाणा पुरतो. तो काडीच्या टोकाला चिकटवायचा, पौर्णिमेच्या रात्री एक डोळा मिटून काडी समोर धरायची आणि हळूहळू लांब न्यायची. चार मिलिमीटरचा दाणा डोळ्यापासून साधारण ४४ सेंटिमीटरवर गेला की चंद्राला बरोबर झाकतो. म्हणजे दाण्याच्या ११० पट अंतर. खुद्द चंद्रही आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या सुमारे ११० पट दूर आहे. आणि सूर्य? स्वतःच्या व्यासाच्या जवळपास १०८ पट! (जपमाळवाल्यांनी लगेच हरखून जाऊ नये, हा निव्वळ योगायोग आहे.) चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे. सुमारे ६० कोटी वर्षांनी तो सूर्याला कधीच पुरता झाकू शकणार नाही. आपण अगदी वेळेवर जन्मलो.

मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? वर्गात हा प्रश्न आला की समजावं, पोरं खरंच विचार करताहेत. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निसटते. पौर्णिमेलाही तसंच, चंद्र पृथ्वीच्या सावलीला बगल देऊन जातो. सापडला तर मात्र तांबडा होतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो-मावळतो आहे, तिथला लाल प्रकाश हवेतून वळून त्याच्यावर पडतो.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. दुपारनंतर नंदुरबारात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. काजळी धरलेली काच आणि एक्स-रेची फिल्मही नको. उघडीप मिळाली तर विरळ भोकांची चाळणी अंगणात उन्हात धरा आणि तिच्याखाली पांढरा कागद. प्रत्येक भोकातून एकेक कुरतडलेला सूर्य कागदावर उतरेल. पोरांना ते मोजायला सांगा.