कूपन, काउंटर आणि कायदा : मस्कतच्या बाजारातले काही गैरसमज

गुरुवार उजाडला की मस्कतमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हायपरमार्केटची रंगीत पत्रकं फिरू लागतात. शुक्रवार-शनिवारची सुट्टी तोंडावर असते, महिनाअखेर असेल तर पगारही झालेला असतो. दोनावर एक फुकट, वीस रियालच्या खरेदीवर पाच रियालचं कूपन, पाच रियालला एक चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीवर मोटार. फुकट ते पौष्टिक हा आपला जुना बाणा, त्यामुळे रुवी, घुब्रा, दारसैतपासून सीबपर्यंत ढकलगाड्या भरतात. मग काउंटरवर कूपन नाकारलं जातं, मागची रांग खोळंबते आणि आवाज चढतात.

या वादांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच घोटाळा असतो. दुकानाने स्वखुशीने देऊ केलेली सवलत आणि कायद्याने दिलेला हक्क यांची आपण सरमिसळ करतो. जिथे नुसती दुकानाची मर्जी असते तिथे तावातावाने भांडतो आणि जिथे खरोखर हक्क असतो तिथे ‘जाऊ दे’ म्हणून निघून येतो. ओमानमध्ये हक्काचा भाग बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेला आहे. 2011 च्या सुरुवातीला महागाई आणि रोजगार यांवरून सोहारमध्ये निदर्शनं झाली, त्याच फेब्रुवारीत शाही फर्मानाने ग्राहक संरक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. आज लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा 2014 चा, फर्मान क्रमांक 66.

‘कॅशियरने मनात आणलं तर होतं’

सर्वांत चिवट गैरसमज हाच. मराठी माणूस वाण्याच्या दुकानात वाढलेला. तिथे गल्ल्यावर बसलेला माणूसच मालक आणि त्याने मान डोलावली की दोन रुपये कमी. हायपरमार्केटच्या काउंटरवर बसलेल्या मुलीकडे तो अधिकारच नसतो. पाकीटबंद वस्तूची किंमत बारकोडमध्ये लिहिलेली नसते. बारकोड हा फक्त क्रमांक; त्या क्रमांकापुढची किंमत दुकानाच्या मुख्य संगणकातून येते. ती बदलायची, एखादी ओळ बिलातून काढायची किंवा बिल रद्द करायचं, तर सुपरवायझरला स्वतःचं कार्ड किंवा पासवर्ड वापरावा लागतो. शिफ्ट संपली की गल्ल्यातली रोकड मोजली जाते आणि कमी भरली तर जाब कॅशियरलाच विचारला जातो.

कूपनचंही तसंच. किरकोळ व्यापारात जगभर वापरल्या जाणाऱ्या बारकोड-पद्धतीत कूपनांसाठी 99 ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत. दुकानातच तोलून चिकटवलेल्या भाजी-मटणाच्या लेबलांवरचा क्रमांक 2 ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कमही गुंफलेली असते. म्हणून कूपन स्कॅन केलं की यंत्र आधी तारीख, किमान खरेदी आणि वस्तूंची यादी तपासतं, मगच होकार देतं. यंत्र नाही म्हणालं तर कॅशियरने हो म्हणून काही उपयोग नसतो. अशा वेळी तिच्यावर डाफरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. सुपरवायझरला, इथल्या भाषेत मुदीरला, बोलवायला सांगावं आणि तोवर बाजूला होऊन मागच्याला वाट द्यावी.

याला लागून आणखी एक समजूत आहे, की काउंटरवर सगळे केरळचेच, हिंदीत बोललं की झालं. पूर्वी ते बरंचसं खरं होतं. 2021 मध्ये ओमानच्या श्रम मंत्रालयाने मॉलमधली विक्री, कॅश काउंटर, फडताळं लावणं अशी कामं ओमानी नागरिकांसाठी राखून ठेवली. त्यामुळे आज समोर बहुधा अबाया घातलेली तरुण ओमानी मुलगी असते. हिंदी तिला अनेकदा समजते, पण पहिल्याच वाक्याला हिंदीत हुज्जत सुरू करण्यापेक्षा ‘सलाम आलेकुम, उख्ती’ म्हणून कूपन पुढे केलेलं केव्हाही बरं. निदान ती सुपरवायझरला लवकर हाक मारते!

‘कूपन म्हणजे पैसेच की’

कूपन म्हणजे पैसे नव्हेत; ते अटींवर दिलेलं आश्वासन आहे. अटी पाठीमागे बारीक अक्षरांत असतात आणि त्या लिहायचा अधिकार दुकानाचा असतो. नेहमीच्या अटी अशा : कूपन पुढच्या खरेदीवर चालेल, त्याच बिलावर नाही, एका बिलाला एकच, ठरावीक तारखेपर्यंत, मोबाइल, सोनं, तंबाखू, बाळाची दूध पावडर वगळून, उरलेली रक्कम रोख मिळणार नाही. पाच रियालच्या कूपनवर साडेतीन रियालचं सामान घेतलं तर दीड रियाल सोडावा लागतो, आणि ती अट कूपनवर छापलेली असेल तर त्यावर तक्रार टिकत नाही.

दूध पावडर वगळलेली पाहून तरुण आईबाप हमखास चिडतात. नेमकी महाग वस्तूच कशी सवलतीबाहेर, असा त्यांचा सवाल. इथे मात्र दुकानाचा कावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये स्तनपानाला पर्यायी दुधाच्या विक्रीसाठी संहिता मंजूर केली. तिने अशा दुधावर सवलतीची कूपनं, बक्षिसं, खास विक्री अशा प्रलोभनांना मनाई केली, कारण स्वस्ताईपायी आईने अंगावरचं दूध तोडू नये. भारतातही 1992 पासून याच धर्तीचा कायदा आहे.

अमेरिकेतले कूपनांचे व्हिडिओ पाहून झालेला घोटाळा वेगळाच. 1880 च्या दशकाच्या अखेरीस अटलांटात कोका-कोलाने एक ग्लास फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, तिथून ही प्रथा फोफावली. त्या देशात बरीच कूपनं उत्पादक कंपनी काढते. दुकानदार ती गोळा करून कंपनीकडे पाठवतो आणि रकमेसोबत हाताळणीचे काही सेंटही वसूल करतो. त्यामुळे एकाच वस्तूवर कंपनीचं एक आणि दुकानाचं एक अशी दोन कूपनं लावणं तिथे जमून जातं. मस्कतमध्ये वर्तमानपत्रातून कात्रणं कापून गठ्ठा घेऊन जाण्याची पद्धत रुजलेली नाही. इथलं कूपन बहुधा त्या दुकानाने स्वतःच्या खिशातून दिलेलं असतं किंवा ॲपमधल्या गुणांच्या रूपात असतं. शेजारच्या दुकानाचं कूपन ‘ते घेतात, तुम्ही का नाही’ म्हणून पुढे करण्यात अर्थ नाही.

गुण साठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं : दुकानच राहिलं नाही तर? जानेवारी 2025 मध्ये ओमानमधली कारफूरची दुकानं बंद होऊन त्याच चालकांची हायपरमॅक्स ही नवी साखळी सुरू झाली. पाटी एका रात्रीत बदलू शकते. वर्षभर गुण जमवून एकदम काहीतरी मोठं घेण्याची कल्पना गोड असली, तरी गुण वेळच्या वेळी वापरावेत हे माझं मत.

‘पाकिटावर एमआरपी पन्नास रुपये, मग इथे जास्त का?’

भारतीय किराण्याच्या फडताळापुढे हा प्रश्न रोज विचारला जातो. बाकरवडी, पापड, मसाले, लोणची यांच्या पाकिटावर रुपयांत किंमत छापलेली असते. रियालचं रुपयांत रूपांतर केलं की दुकान लुटतंय असं वाटतं. पण एमआरपी ही भारताच्या वैधमापन नियमांतली गोष्ट आहे आणि ती भारताच्या सीमेपर्यंतच लागू पडते. ओमानमध्ये आयात माल येताना जहाजाचं भाडं, आखाती देशांचं सामाईक सीमाशुल्क (बहुतेक मालावर 5 टक्के), गोदाम आणि आयातदाराचा नफा, हे सगळं वर चढतं. ‘एमआरपीपेक्षा जास्त घेतलं’ ही मुंबईत बिनतोड तक्रार आहे. मस्कतमध्ये तिला आधार नाही.

गंमत म्हणजे 1970 पर्यंत ओमानमध्ये रुपयाच चालत होता. 1959 मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि बाकीच्या शेजाऱ्यांनी त्या सोडल्यावरही मस्कतने काही वर्षं वापरल्या. तो रुपया गेला, पण छापील रुपयांवरची आपली श्रद्धा अजून गेलेली नाही.

मग हक्क कशाचा? ओमानमध्ये जी किंमत लावली आहे तिचा. दुकानाने किंमत स्पष्ट दिसेल अशी लावली पाहिजे आणि जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता कामा नये. फडताळावर 1.290 आणि बिलात 1.490 आलं, तर ही मर्जीची बाब राहत नाही. असं सर्वांत जास्त घडतं ते सवलतीची मुदत संपते त्या दिवशी. संगणकातली किंमत मध्यरात्री बदलते, फडताळावरची चिठ्ठी मात्र कुणीतरी सकाळी हाताने काढायची असते. भांडणापेक्षा त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढणं जास्त कामाचं. चिठ्ठी नेमकी त्याच वजनाच्या पाकिटाची आहे ना, हे आधी पाहावं. 400 ग्रॅमची सवलत आणि हातात 500 ग्रॅमचं पाकीट, ही आपली नेहमीची फसगत.

‘सवलत मूळ किमतीवर, कर मात्र पूर्ण’

ओमानमध्ये मूल्यवर्धित कर 16 एप्रिल 2021 पासून आला, दर 5 टक्के. लावलेल्या किमतीत तो धरलेलाच असावा लागतो. काउंटरवर वेगळा चढवायचा नसतो. दुकानाने किंमत उतरवली की उतरलेल्या किमतीवरच कर बसतो. शिवाय सगळ्या किराण्यावर 5 टक्के जातात असंही नाही. कर लागू होण्याआधीच शून्य दराच्या अन्नपदार्थांची यादी 93 वरून 488 पर्यंत वाढवली गेली होती. तेव्हा बिल आलं की एकदा खालचा तक्ता पाहावा, आपण कर भरला तो नेमका कशावर हे तिथे कळतं.

कार्डाने पैसे दिले तर दोन टक्के जास्त, असं छोट्या दुकानांत अजून ऐकू येतं. हा भार ग्राहकावर टाकायची परवानगी नाही. सुट्या पैशांचं म्हणाल, तर रियालमध्ये हजार बैसा आणि सर्वांत लहान नाणं पाच बैसांचं, त्यामुळे रोखीत दोन-तीन बैसांचा मेळ बसत नाही. पण त्याच्या आडून पन्नास बैसांच्या जागी गोळ्या हातावर ठेवल्या, तर त्या घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. पिशवी मात्र फुकट मागू नये : एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर 1 जानेवारी 2021 पासून बंदी आहे. घरून कापडी पिशवी न्यावी.

‘सेलमधला माल परत घेत नाहीत’

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक त्या मिसळतात. ओमानचा कायदा म्हणतो : माल सदोष निघाला, ठरल्याप्रमाणे नसला किंवा ज्या कामासाठी घेतला त्याला उपयोगी नसला, तर मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत तो बदलून घेण्याचा किंवा परत देऊन पैसे मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. खरेदीचा पुरावा हवा, दोष आपल्या हाताळणीने झालेला नसावा आणि लवकर नासणाऱ्या वस्तू यात येत नाहीत. माल सवलतीत घेतला म्हणून हा हक्क जात नाही, बिलावर काहीही छापलेलं असो. मिक्सर सेलमध्ये घेतला आणि पहिल्याच चटणीला बंद पडला, तर ‘ऑफरचा आहे’ हे उत्तर नव्हे.

पण रंग आवडला नाही, नवऱ्याने आधीच एक आणून ठेवला होता, दुसऱ्या दुकानात स्वस्त दिसला, या कारणांसाठी कायदा मदतीला येत नाही. तिथे दुकानाचं स्वतःचं धोरण चालतं. काही दुकानं सात दिवस देतात, काही नुसती क्रेडिट नोट देतात. ते धोरण पैसे देण्याआधी विचारायचं. दोनावर एक फुकटच्या संचातलं एकच परत न्यायचं असेल तर आणखी पंचाईत : बिलात सूट तिन्ही नगांवर विभागलेली असते, त्यामुळे परतावा फडताळावरच्या किमतीएवढा मिळत नाही.

बिल जपून ठेवा, हे सांगायला नको. एक बारीक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. काउंटरवरची बिलं बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. मस्कतच्या जूनमध्ये गाडीच्या काचेखाली ठेवलेलं बिल दोन दिवसांत वाचता येईनासं होतं. घेतल्या घेतल्या फोटो काढावा. दुकानाशी बोलणं फिसकटलं तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. ते आधी समेट घडवायचा प्रयत्न करतात आणि त्यासाठी पहिली मागणी बिलाचीच असते. तक्रारदार ओमानी नागरिकच असला पाहिजे, अशीही एक समजूत ऐकू येते. प्राधिकरणाचं दार इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही उघडं आहे.

‘तुम्हाला मोटार लागली आहे’

चिठ्ठ्यांची सोडत ही आखाती बाजाराची जुनी हौस. नाव, फोन, ओळखपत्राचा क्रमांक लिहून पेटीत टाकायचं. नेमकी हीच हौस हेरून, नामवंत हायपरमार्केटचं नाव सांगत फोन येतात : अभिनंदन, सिमकार्डाच्या मागचा क्रमांक वाचा, बँकेचा ओटीपी सांगा, थोडं शुल्क भरा. रॉयल ओमान पोलीस याविषयी वारंवार इशारे देत आले आहेत. खऱ्या सोडतीत जिंकलेल्याला दुकानात बोलावतात आणि ओळखपत्र पडताळतात. ओटीपी कुणी मागत नाही. आणि ज्या दुकानात तुम्ही एकही चिठ्ठी टाकलेली नाही, तिथून मोटार लागल्याचा फोन आला, तर पुढचं वाक्य ऐकायचीसुद्धा गरज नाही.