सीटखालचा ताप

ताप उन्हाळ्यात भरला तर समजू शकतं. आमच्या गाडीतल्या ॲम्प्लिफायरला तो भरला जानेवारीत, आणि तोही मिशिगनच्या जानेवारीत, बाहेर उणे बारा सेल्सियस असताना!

गाडी जुनी, कागदोपत्री माझी, पण कॉलेजला जायला-यायला मुलगी वापरते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नोकरी करून साठवलेल्या पैशातून तिने एक जुना ॲम्प्लिफायर घेतला, तो ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली बसवून घेतला आणि मागे ट्रंकमध्ये भला मोठा स्पीकर ठेवला. मला न विचारता केलं, म्हणून मी रीतसर नाक मुरडलं. थंडी पडली आणि घरून निघाल्यावर अर्ध्या तासात गाणं गप्प व्हायला लागलं. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू. "स्वस्तातला माल!" हा माझा निकाल. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तू ऑफिसात दिवसभर मशीनं थंड कशी ठेवायची तेच बघतोस ना? मग एकदा सीटखाली हात घालून बघ की."

बघितलं. चटकाच बसला. काखेत कळसा म्हणतात तो असा!

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही. ॲम्प्लिफायर बॅटरीकडून वीज घेतो, पण तिचा सगळा आवाज होत नाही. जुन्या 'क्लास एबी' जातीचे ॲम्प्लिफायर आपण नेहमी ऐकतो तेवढ्या आवाजाला निम्म्याहून जास्त विजेची नुसती उष्णता करतात. समजा १०५ वॅट आत गेले आणि ३० स्पीकरला मिळाले, तर उरलेल्या ७५ वॅटची शेगडी. पूर्वी घरात लावायचो तो ७५ वॅटचा पिवळा दिवा सीटखाली ठेवून वर बसण्यासारखंच हे. नवे 'क्लास डी' ॲम्प्लिफायर भर आवाजात ८० ते ९० टक्के वीज स्पीकरकडे पोचवतात. नवा घ्यायचा असेल तर आधी जात विचारा. इथे तरी ती विचारायला हरकत नाही.

ही उष्णता बाहेर टाकायला ॲम्प्लिफायरच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. आपण चहा बशीत ओततो तो पसरून लवकर निवावा म्हणून. पट्ट्यांचं काम बशीचंच. फुंकर घातली की आणखी लवकर. पण फुंकरच गरम असेल तर?

इथेच आमचा चोर सापडला. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या प्रवाशांचे पाय गरम ठेवायला हिटरची एक नळी पुढच्या सीटखाली उघडते. आमच्या ॲम्प्लिफायरच्या नेमकं तोंडासमोर! सौ.च्या नकळत स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणून तिथे धरला, तर हवा ५४ अंश सेल्सियस.

हिशोब असा. समजा पट्ट्या अशा आहेत, की दर वॅट उष्णतेमागे त्या भोवतालच्या हवेपेक्षा अर्धा अंश जास्त तापतात. ७५ वॅटला झाले साधारण ३७ अंश. गाडीतली हवा २५ अंश असेल तर पट्ट्या ६२ वर, म्हणजे सुखरूप. पण भोवती ५४ अंशांची हवा असेल तर ९१! बहुतेक ॲम्प्लिफायर ८० ते ९० अंशांच्या दरम्यान स्वतःला वाचवायला बंद होतात. आमचा तेच करत होता. उन्हाळ्यात उन्हात उभी गाडी आतून भट्टी होते हे खरं, पण एसी लावला की हवा लवकर निवते, आणि गार वारा डॅशबोर्डमधून येतो, सीटखालून नाही. म्हणून ऑगस्टमध्ये बरा आणि जानेवारीत आजारी!

उपाय सोपे निघाले. नळी बुजवली नाही, नाहीतर मागे बसणाऱ्यांचे पाय गारठतील. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून तिच्या तोंडाशी लावला आणि हवा बाजूने मागे वळवली. ॲम्प्लिफायर थेट कार्पेटवर होता, म्हणजे दुलईवर निजवलेला. तो फळीवर घेतला आणि खाली दोन सेंटिमीटरचे ठोकळे दिले. बुटांबरोबर येणारं बर्फाचं खारट पाणीही त्यामुळे दूर राहतं. फळी बसवताना जमिनीत आंधळेपणाने ड्रिल करू नका. खालून पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात. ॲम्प्लिफायर उलटा टांगू नका, उष्णता वर चढून त्याच्याच पोटात शिरते. एवढं करून भागलं नाही तर १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा, पण तो मोकळ्या बाजूची हवा ओढून पट्ट्यांच्या लांबीने दुसरीकडे बाहेर टाकणारा हवा. कोंडलेली हवा तिथल्या तिथे घुसळून काही होत नाही. वर्षातून दोनदा व्हॅक्यूम करा. पट्ट्यांत साठलेली धूळ म्हणजे स्वेटरच.

हे सगळं करायला सीट काढावी लागली. आधी बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटं थांबलो, कारण सीटखाली एअरबॅगच्या तारा असू शकतात. त्यांचे प्लग बहुधा पिवळे असतात. सीट जोडल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

आणि सीट उचलल्यावर जे दिसलं त्याने मला बाहेरच्या थंडीत घाम फुटला. बॅटरीकडून येणारी जाड लाल तार सीटच्या रुळाखालून ओढलेली होती. सीट मागेपुढे होताना तिचं आवरण घासून तांबं दिसू लागलं होतं. ते लोखंडाला टेकलं असतं तर बॅटरीतून शेकडो ॲम्पियर वाहून तार लालबुंद झाली असती, कार्पेटच्या मधोमध, मुलगी रात्री हायवेवर एकटी असताना. ॲम्प्लिफायरवर फ्यूज होता, पण तो तारेच्या शेवटच्या टोकाला. मधल्या तारेचं रक्षण तो करत नाही. त्यासाठी बॅटरीजवळ, ४५ सेंटिमीटरच्या आत, वेगळा फ्यूज लागतो. बसवणाऱ्याने तो घातलाच नव्हता. त्याच दिवशी तार बदलली, फ्यूज घातला आणि तार रुळापासून दूर, प्लास्टिकच्या नळीतून नेली.

आता सीटखाली हवा २७ अंश. फेब्रुवारीत दीड तासाच्या प्रवासात गाणं एकदाही थांबलं नाही.

ॲम्प्लिफायर दोन महिने सांगत होता, की मला गुदमरायला होतंय. मुलगीही तेच सांगत होती. मी मात्र दोघांच्या किमतीवर बोट ठेवून बसलो होतो. तो मुकाट्याने चालत राहिला असता तर ती सीट आम्ही काढलीच नसती.

तुमच्याही घरी कुणी सीटखाली असा पाहुणा ठेवला असेल, तर या रविवारी हिटर अर्धा तास चालू ठेवा आणि मग खाली जपून हात घाला. एक हात नळीच्या तोंडाशी, आणि तार कुठून आली आहे तेही बॅटरीपर्यंत चाचपून बघा. जमलं तर ज्याने तो बसवला त्यालाच बरोबर घेऊन. आमचा तो रविवार गॅरेजमध्ये थंडीत कुडकुडत गेला, पण मुलगी शेजारी टॉर्च धरून उभी होती.