भोकरदन

महाराष्ट्र राज्याच्या जालना जिल्ह्यातील प्राचीन अवशेषांचे एक स्थळ व तालुक्याचे ठिकाण. ते केळणा नदीच्या काठी वसले असून त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत. त्यांवरून येथील लोक दूरच्या धर्मस्थळास दान देण्याइतके संपन्न होते, असे दिसते. प्रतिष्ठान (पैठण) व उज्जयिनी यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गामुळे नगरास महत्त्व आले.

नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ मध्ये शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे संयुक्त उत्खनन केले. जालना जिल्हा १९८१ मध्ये निर्माण झाला. तत्पूर्वी हे स्थळ औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. उत्खननात मुख्यतः सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. मृत्पात्रे, नाना प्रकारचे मणी, मृण्मय मूर्ती व हस्तिदंती वस्तू यांवरून तत्कालीन नागरी जीवनाची व कारागिरीची कल्पना येते.

त्यांपैकी एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये सु. २५ सेंमी. उंचीची, अलंकारमंडित व दोन सेविकांसह असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्रथम ती लक्ष्मीची व मथुरेकडील मानली गेली; पुढे ती यक्षीची असावी, असेही मत पुढे आले. भोकरदनच्या मूर्तीशी तिचे साम्य पाहून म. के. ढवळीकर यांनी ती भोकरदन येथेच घडविली गेली असावी, असे मत मांडले. तथापि तिच्यावरील खरोष्ठी अक्षर वायव्य भारताशी संबंध सुचविते. त्यामुळे हा प्रश्न निर्विवाद सुटलेला नाही.

अशीच एक हस्तिदंती मूर्ती तेर (धाराशिव जिल्हा) येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयात आली आहे. या तिन्ही वस्तूंची साक्ष वेगवेगळ्या प्रकारची आहे. पाँपेईच्या मूर्तीची उत्तरकालमर्यादा निश्चित आहे, पण तिचे उगमस्थान अज्ञात आहे. तेरची मूर्ती संग्राहकाच्या दक्षतेमुळे वाचली. मात्र ती शास्त्रीय उत्खननातून आलेली नसल्याने तिचा मूळ थर कळत नाही. भोकरदनची मूर्ती भग्न असली, तरी ती मिळाली ती जागा व तो थर यांची नोंद झालेली असल्याने इतर दोहोंच्या अभ्यासात तिचा आधार घेता येतो.

महाराष्ट्रात अशा जुन्या वस्त्यांच्या जागांना पांढरी म्हणतात. तेथील माती धाब्यांसाठी व शेतांसाठी उपसली जात आली आहे. अशा उपशात एखादी वस्तू हाती लागली, तरी तिचा थर नष्ट होतो. पांढरीचे जतन हे वस्तूंच्या जतनाइतकेच महत्त्वाचे ठरते, ते यामुळेच.