भुसा दिसतो, धूळ दिसत नाही!

एकांकिका स्पर्धा आठवड्यावर आली की कॉलेजच्या एखाद्या रिकाम्या वर्गात काय चालतं, हे बॅकस्टेजवाल्यांना वेगळं सांगायला नको. प्लायवूडच्या शीट्स, भाड्याने आणलेला कटर, कुणाच्या तरी काकांकडून मागून आणलेला सँडर. रात्रीचे दोन वाजलेले, आवाज बाहेर जायला नको म्हणून दारं-खिडक्या बंद. सकाळी सेट उभा, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस. पुढचे दोन दिवस निम्म्या टीमचं नाक गच्च असतं, घसा खवखवत असतो. 'जागरणामुळे असेल' म्हणून विषय संपतो.

जागरणाचा त्यात वाटा असेलही. पण त्या रात्री तुम्ही श्वासातून काय आत घेतलंत, याचाही विचार व्हायला हवा. आणि हे फक्त नाटकवाल्यांपुरतं नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी सुतारकामाच्या शॉपमध्ये लाकडाचा जॉइंट घासून घासून मापात बसवणारे तुम्ही, आर्किटेक्चरच्या सबमिशनसाठी एमडीएफ कापणारे तुम्ही, २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर गणपतीला लाकडी मखर करायला घेतलेले तुम्ही. लाकडाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हा विषय लागू आहे.

छिलके, भुसा आणि ती तिसरी गोष्ट

सुताराच्या बेंचवरून तीन प्रकारचा कचरा निघतो. रंधा मारला की गोल गोल वळलेले छिलके पडतात. पटाशीने खाच घेतली की ढलप्या उडतात. करवत चालली की भुसा पडतो. हे सगळं वजनाला जड असतं, त्यामुळे सरळ जमिनीवर येतं. दिसायला पसारा मोठा, पण झाडलं की गेलं. तुमच्या आजीला विचारा, वखारीतून आणलेल्या ढलप्यांवर बंब कसा पेटायचा आणि भुशाची शेगडी कशी ठासून भरायची, ते ती सांगेल. बर्फवाला लादी भुशात का ठेवायचा, हेही तिला माहीत असेल.

तिसरी गोष्ट म्हणजे बारीक धूळ. ती प्रामुख्याने मशिनमुळे होते. हाताचा रंधा लाकडाचा पापुद्रा काढतो, तर सँडर त्याच लाकडाचं पीठ करतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे चौदावा भाग. सँडिंगच्या धुळीत १० मायक्रॉनपेक्षा लहान कणही असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहून कमी. असे कण नाकातल्या केसांना चुकवून आत जातात. त्यांतले सर्वांत बारीक थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

आता एक छोटं गणित. हवा अगदी स्थिर आहे असं धरा. उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, १० मायक्रॉनचा कण खाली यायला आठ-दहा मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा कण दोन तासांच्या आसपास. खोलीत पंखा असेल, लोक ये-जा करत असतील, तर आणखी वेळ. म्हणजे सँडर बंद करून, मास्क काढून, तिथेच बसून तुम्ही वडापाव खाता, तेव्हा ती धूळ अजून हवेतच असते. फक्त दिसत नाही. पाहायचीच असेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा मारा. त्या झोतात काय काय तरंगतंय, ते बघून वडापाव बाजूला ठेवाल.

खुर्च्यांच्या गावातलं कोडं

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं शहर आहे. खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा सर्जन एस्मी हॅडफिल्ड यांच्या एक गोष्ट लक्षात आली. नाकाच्या आतला आणि सायनसचा एक एरवी अतिशय दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये वारंवार दिसत होता, आणि त्यातले बरेच जण फर्निचर कारखान्यांत काम केलेले होते. पुढे डोनाल्ड ॲचिसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हे पद्धतशीर तपासलं. १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो अभ्यास छापून आला. संशय लाकडाच्या धुळीवर होता.

त्यानंतर इतर देशांतूनही तसेच पुरावे जमत गेले. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. 'माणसात कर्करोग घडवते' याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. एमडीएफ आणि प्लायवूडच्या चिकटद्रव्यात सर्रास असणारं फॉर्मल्डिहाइडही तिथेच आहे.

घाबरू नका, पण नीट समजून घ्या. एकाच गटात असणं म्हणजे धोका तेवढाच असणं नव्हे. एका सेटमुळे कुणाला कर्करोग होत नाही. हा आजार दुर्मीळ आहे आणि तो दिसायला काही दशकं जातात. धोका ठरतो तो किती धूळ आणि किती वर्षं, यावर. त्याच्या कितीतरी आधी येणाऱ्या तक्रारी मात्र साध्या आणि ओळखीच्या आहेत: सतत वाहणारं किंवा चोंदलेलं नाक, खोकला, दमा, डोळ्यांची आग. सागवान, शिसवी अशा लाकडांच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळही उठतं. युरोपियन युनियनने कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेवरची मर्यादा २०२३ पासून एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे चिमूटभर साखरेपेक्षाही कितीतरी कमी.

मेणबत्ती फुंकून विझते, ओढून नाही

मग उपाय काय? खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं वाटतं ना? एक प्रयोग करा. मेणबत्ती पेटवून हातभर लांब धरा. फुंकर मारा, विझेल. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. ज्योत हलणारसुद्धा नाही.

फुंकलेली हवा एका दिशेने झोतासारखी लांब जाते. ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी थोडी थोडी येते. त्यामुळे पाइपच्या तोंडापासून, त्या तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरावरसुद्धा ओढ एक दशांशाहून कमी उरते. चार इंची पाइप असेल तर चार इंचांवरच खेळ संपला! म्हणून धूळ पकडायचा पहिला नियम असा: जिथे जन्मते तिथेच पकडा. एकदा खोलीत पसरली की ती गोळा करणं महाकठीण.

गंमत म्हणजे हे आपल्या कायद्यातही कधीचं लिहिलेलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १४ मध्ये, धूळ ओढणारं यंत्र लावायचं तर ते धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ लावावं, असं म्हटलं होतं.

दुसरा नियम: ढलप्यांना एक यंत्र लागतं, धुळीला दुसरं. मोठ्या प्लेनर मशिनमधून ढीगभर छिलके पडतात, तिथे रुंद पाइप आणि भरपूर हवा ओढणारा डस्ट कलेक्टर हवा. सँडर किंवा जिगसॉ यांच्या बारीक नळीला मात्र जोरकस ओढीचा व्हॅक्यूम लागतो. आणि दोन्हीकडे फिल्टर महत्त्वाचा. स्वस्त कलेक्टरची कापडी पिशवी भुसा धरून ठेवते, पण सर्वांत बारीक धूळ तिच्यातून गाळून परत तुमच्याच तोंडावर येते. दिसायला खोली स्वच्छ, प्रत्यक्षात उलट.

बादलीतलं चक्रीवादळ

व्हॅक्यूमचा फिल्टर भुशाने पाच मिनिटांत चोंदतो, ही सगळ्यांची तक्रार. त्यावरचा उपाय सॉमिलच्या बाहेर उभा असतो: उलट्या शंकूसारखं दिसणारं मोठं पत्र्याचं धूड. त्याला सायक्लोन म्हणतात. भुशाने भरलेली हवा त्यात कडेने शिरते आणि गोल फिरू लागते. जड कण बाहेरच्या भिंतीला आपटून खाली घसरतात, हलकी झालेली हवा मधून वर निघून जाते. जेम्स डायसन यांना बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना अशाच एका सॉमिलच्या सायक्लोनवरून सुचली. ती जमायला त्यांना ५,१२७ नमुने बनवावे लागले. (तुमचा प्रोजेक्ट तिसऱ्यांदा रिजेक्ट झाला असेल, तर हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.)

तुम्हाला एवढे लागणार नाहीत. डिस्टेंपरची २० लिटरची रिकामी, जाड बादली घ्या. घट्ट झाकणाला दोन भोकं पाडा. एकातून येणारी नळी आत कडेला वळवा, म्हणजे हवा गोल फिरेल. दुसरी नळी झाकणाच्या मधोमध बसवून व्हॅक्यूमला जोडा. सांधे सील करा. बहुतेक सगळा भुसा बादलीत पडेल आणि व्हॅक्यूमकडे फक्त बारीक धूळ जाईल. ती अडवायला व्हॅक्यूममध्ये हेपा फिल्टर असेल तर उत्तम. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो.

बजेट शून्य असेल तर?

* सँडिंग उघड्यावर करा. बंद वर्गात नाही, आणि वाऱ्याकडे पाठ करूनही नाही. वारा बाजूने येऊ द्या, म्हणजे धूळ तोंडासमोर घुटमळणार नाही.
* रुमाल आणि सर्जिकल मास्क यांचा फारसा उपयोग नाही. एन९५ वापरा किंवा आयएस ९४७३ छाप असलेला एफएफपी२. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर कडेने हवा आत येते.
* ब्लोअर मारून किंवा फुंकर मारून बेंच साफ करू नका. खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाशी येते.
* व्हॅक्यूम नसेल तर आधी जमिनीवर ओला केलेला भुसा पसरा, मग झाडा. बारीक धूळ त्याला चिकटून जाते.
* मशिन थांबल्यावरही मास्क ठेवा. मघाचं दोन तासांचं गणित आठवा.
* कपडे झटकायचे ते बाहेर. जेवण कामाच्या खोलीत नको.

गोळा केलेल्याचं काय करायचं?

इथेही वर्गवारी हवी. साध्या लाकडाचे छिलके कामाचे असतात: पॅकिंगला, कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला, कंपोस्टला, दाबून ब्रिकेट बनवायला. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मात्र वेगळा ठेवा. त्यात चिकटद्रव्य असतं. तो शेकोटीतही नको आणि कुंडीतही नको.

आणि आग! जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून भुशात टाकली, तर ती काडी न लावता पेटू शकते, कारण तेल वाळताना उष्णता तयार होते. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. हवेत उधळलेली कोरडी धूळ तर स्फोटकच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ मध्ये जानेवारी आणि एप्रिलमध्ये दोन सॉमिल लाकडाच्या धुळीच्या स्फोटात उद्ध्वस्त झाल्या. दोन्हीकडे दोन-दोन कामगार गेले. कॉलेजच्या वर्गात तेवढी धूळ साठत नाही, पण भुशाच्या ढिगाशेजारी सिगारेट ओढणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

तुमच्याच वयाचा तो

तुम्ही वर्षातून चार रात्री धूळ खाता. आता घरी फर्निचरचं काम चालू असताना बेडरूममध्ये सँडर धरून बसलेल्या मुलाकडे बघा. वय एकोणीस-वीस, तोंडाला रुमाल, तोही निम्मा गळ्यात. धूळ बाहेर हॉलमध्ये येऊ नये म्हणून दार आपणच लावून घेतलेलं असतं. तुमचा सेट शनिवारी संपतो, त्याचं काम सोमवारी दुसऱ्या फ्लॅटमध्ये सुरू होतं, आणि तसंच पुढची चाळीस वर्षं. किती धूळ आणि किती वर्षं, या हिशेबात दोन्ही आकडे त्याच्याच बाजूला जास्त आहेत. कारखान्याचे कायदे ठरावीक कामगारसंख्येच्या वरच लागू होतात. मिस्त्री आणि दोन हेल्पर त्यात बसत नाहीत. तिथे इन्स्पेक्टर येणार नाही.

तुम्ही मात्र तिथेच असता. कामाचा करार होताना आई-बाबांना एवढं सांगा, की सँडिंग बाल्कनीत किंवा गच्चीवर होऊ दे. मिस्त्रींना विचारा, 'काका, सँडरला नळी जोडता येते का?' बऱ्याच सँडरना तशी जागा दिलेली असते, फक्त तिथे काहीच जोडलेलं नसतं. घरातला व्हॅक्यूम द्यायची तयारी ठेवा, मधे ती बादली लावून. एन९५चं एक पाकीट आणून ठेवा. लाखभर रुपयांच्या वॉर्डरोबच्या बिलात हा खर्च शोधूनही सापडणार नाही.

येत्या स्पर्धेच्या सेटसाठी सामानाची यादी कराल, तेव्हा खिळे, फेविकॉल आणि पॉलिश पेपरच्या खाली दोन ओळी वाढवा: रिकामी बादली एक, मास्क माणशी दोन.