एका तारेतल्या दोन वाटा

आजचं बोलणं संगणकाच्या जोडणीचं आहे, पण फोनचं बिल भरणाऱ्या प्रत्येक गटाच्या कामाचं आहे.

आमच्या केंद्रात आयएसडीएनची लाईन आहे. एक्स्चेंजपासून केंद्रापर्यंत तार एकच, नेहमीच्या फोनची असते तीच तांब्याची. पण तिच्यात दोन वाटा केलेल्या असतात, त्यांना बी चॅनेल म्हणतात. प्रत्येकीचा वेग सेकंदाला 64 किलोबिट. तिसरी एक बारीक वाट असते, डी चॅनेल, ती फोन लावणं, घंटी वाजवणं अशी निरोप्याची कामं करते. म्हणून एका वाटेवर इंटरनेट चालू असलं तरी दुसरीवर फोन येऊ शकतो.

दोन्ही वाटा इंटरनेटला जोडल्या की वेग 128. चुलीवर आणि वैलावर एकदम भांडी चढवावीत तसं. फक्त वैलाला चुलीचीच आच मिळते, इथं तसं नाही. दुसरी वाट म्हणजे दुसरा कॉल, त्याचं मीटर वेगळं पळतं.

आम्ही सुरुवातीला दोन्ही वाटा सरसकट जोडायचो. वेग मिळतोय तर सोडा कशाला! मग बिल आलं ते जवळजवळ दुप्पट. पैसा गटांच्या वर्गणीतला, त्यामुळे मासिक बैठकीत जाब द्यावा लागला. त्याहून वाईट गोष्ट त्याच बैठकीत कळली. वाडीवरच्या एका ताईंनी सुनेला कळा सुरू झाल्यावर जीपसाठी केंद्रात फोन लावला होता. तो सारखा एंगेज. त्या वेळी आम्ही ईमेल वाचत बसलो होतो. जीप दुसरीकडून मिळाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण ताई जे बोलल्या ते आम्ही मान खाली घालून ऐकलं.

मग वही घेऊन हिशोब मांडला. रेडिओच्या भाषणाची फाईल 5 एमबीची धरा. एका वाटेनं तिला निदान अकरा मिनिटं लागतात, दोन वाटांनी साडेपाच. कॉल दोन, पण वेळ निम्मा, म्हणजे खर्च जवळपास तेवढाच. ईमेल वाचताना मात्र वेळ आपल्या डोळ्यांवर ठरतो, तारेवर नाही. पंधरा मिनिटं वाचलं तर बिल तीस मिनिटांचं. आमचे पैसे इथं गळत होते.

यावर तोड संगणकातच आहे. विंडोज एक्सपीमध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा, आपल्या जोडणीवर माऊसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. पहिल्याच पानावर दोन्ही चॅनेलपुढे खूण हवी. मग 'ऑप्शन्स'च्या पानावर 'मल्टिपल डिव्हायसेस' शोधा. तिथं आम्ही 'डायल ऑल डिव्हायसेस' ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही कायम. त्याऐवजी 'डायल डिव्हायसेस ओन्ली अ‍ॅज नीडेड' निवडा, म्हणजे लागेल तेव्हाच दुसरी. शेजारच्या 'कॉन्फिगर'मध्ये दोन गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली वाट किती टक्के भरली आणि तशी किती वेळ राहिली की दुसरी उघडायची, आणि काम किती कमी झालं की ती बंद करायची. आम्ही 75 टक्के दोन मिनिटं आणि 10 टक्के दोन मिनिटं असं ठेवलंय. फाईल पाठवताना दुसरी वाट आपोआप उघडते, एरवी फोनला मोकळी.

एक मात्र आधी विचारून घ्या. इंटरनेट देणाऱ्याच्या बाजूलाही 'मल्टिलिंक' चालू असावं लागतं. नसेल तर दुसरा कॉल लागतो, तिकडून नाकारला जातो, आणि लागलेल्या कॉलचे पैसे मात्र पडतात. खात्यातले तास दोन्ही वाटांचे वेगवेगळे कापतात का, हेही विचारा.

फाईल जात असताना फोन एंगेज लागणारच. म्हणून ते काम आम्ही दुपारी दोननंतर करतो, आणि त्या वेळात जीपसाठी कुणाला फोन करायचा तो नंबर सगळ्या वाड्यांवर कळवून ठेवलाय.